मदत हवी आहे : सागरी नकाशावर जलरंग धरत नाही

पेठकर_सोलापूर : माझे मामा 'आयएनएस कुरसुरा' या पाणबुडीवर नोकरीस होते. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त सागरी नकाशावर त्या पाणबुडीचे जलरंगातील चित्र काढून त्याच्या प्रती नातेवाइकांना द्यायच्या आहेत. परंतु रंग कागदात मुरण्याऐवजी थेंबाथेंबाने गोळा होतो आणि वाळल्यावर बोटाला लागतो. काम दिवाळीपूर्वी व्हायलाच हवे. कृपया नेमका उपाय सांगावा.

कुंचला : नकाशा मूळ छापील आहे की छायाप्रत? त्यावर प्लास्टिकचा थर आहे का? हे कळल्याशिवाय नेमका उपाय कोण सांगणार?

दर्यावर्दी : जहाजावरच्या दमट हवेत टिकावा आणि पेन्सिलीच्या रेघा वारंवार खोडता याव्यात, अशा बेताने हा कागद बनवलेला असतो, तो पाणी सहजी शोषत नाही. पण नकाशा कुठला? कुरसुराला पृष्ठभागावरून जातानाही सुमारे ६ मीटर पाणी लागे. नकाशावर खोलीचा ५ मीटर असा आकडा छापलेल्या जागी ती रंगवलीत, तर मामा आधी त्यावरच बोट ठेवतील.

कुंचला : अहो, ९१ मीटरांची पाणबुडी १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. चित्र हातभर लांब काढायचे असताना खोलीचा हिशेब कशाला?

दर्यावर्दी : पाहणारा पाणबुडीवाला आहे, म्हणून.

रेखाटन : रंगाच्या पाण्यात ऑक्स गॉलचा (बैलाच्या पित्तापासून केलेल्या, रंग पसरवणाऱ्या द्रावाचा) एखादा थेंब घालावा. मी नेहमी तेच वापरतो.

कुंचला : त्याने रंग पसरेल, पण कागद तो धरून ठेवणार नाही. मूळ नकाशाला हातच लावू नये. तो स्कॅन करून चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या सुती जलरंग कागदावर पिगमेंट शाईने (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईने) छापून घ्यावा आणि त्यावर रंगवावे. डाय (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) शाई असेल, तर पाणी लागताच खोलीचे आकडे फुटतील. म्हणून आधी कोपऱ्यावर ओला कुंचला फिरवून पाहावा.

प्रवासी : कुरसुरा २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. मामांना तिथेच घेऊन जावे, चित्रापेक्षा त्याचा आनंद मोठा.

पेठकर_सोलापूर : मामांचे गुडघे दुखतात आणि आतल्या दारांतून वाकून जावे लागते. प्रश्न रंगाचा आहे. नकाशा विशाखापट्टणमचाच, मूळ छापील आहे आणि त्यावर थर नाही.

कायदेपंडित : प्रती काढणार असाल, तर प्रकाशनवर्ष सांगावे. शासकीय प्रकाशनांवरील स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो.

रेखाटन : घरातल्या घरात चार प्रती द्यायच्या, त्यात कसला कायदा?

कायदेपंडित : त्यांनी 'चार' असे कुठेही लिहिलेले नाही.

पेठकर_सोलापूर : नकाशा भारतीय नौदलाच्या देहरादून येथील जलसर्वेक्षण कार्यालयाचा, १९७४ चा आहे. प्रती वीस. आता कृपया एवढेच सांगावे, की पिगमेंट शाईवर छापणारे कोणी सोलापुरात आहे, की पुण्यालाच जावे लागेल?

कायदेपंडित : मग ६० वर्षे अजून पूर्ण झालेली नाहीत. परवानगीसाठी देहरादूनला पत्र पाठवावे.

दर्यावर्दी : आणि त्यावरील खोली वावांत (एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर) आहे की मीटरांत, हे आपण अजूनही सांगितलेले नाही.