मदत हवी आहे: दहावीनंतर मेंटॉर-विद्यार्थी जोडी टिकवायची कशी?

मेंटॉरिंगचा, म्हणजे शाळकरी मुलाला एक मोठं माणूस मार्गदर्शक (मेंटॉर) म्हणून जोडून देण्याचा आमचा उपक्रम शहराबाहेर, तालुक्यांच्या शाळांत न्यायचा आहे. रचना ठरली आहे: एका मुलामागे एक मेंटॉर, आठवड्याला १ तास, किमान वर्षभर, २५ जोड्यांमागे एक समन्वयक. पोलीस पडताळणी, पालकांची लेखी संमती आणि पॉक्सोचं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) प्रशिक्षण झाल्याशिवाय पहिली भेट नाही. भेट शाळेतच, दार उघडं ठेवून.

अडतं ते दहावीच्या परीक्षेनंतर. शाळा सुटते, वर्ग मिळत नाही, घरातला एकच फोन वडिलांबरोबर शेतावर गेलेला असतो. आणि अकरावी, आयटीआय की पॉलिटेक्निक, हे ठरायचं ते नेमकं तेव्हाच! ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांच्या २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत उलट खालावलेलं दिसलं. म्हणून तुटलेली जोडी किरकोळ मानता येत नाही.

सुट्टीत भेटीसाठी गावातलं वाचनालय कुणी वापरतं का? तिथे दुसरं मोठं माणूस कोण असतं? मेंटॉर मध्येच सोडून गेला तर निरोपाची भेट घडवता का, आणि नवा किती दिवसांत देता? समन्वयकाचा पगार कुठून काढता, तेही सांगा. देणगीदार मुलांचा आकडा विचारतात, या पगाराला मात्र हात आखडतात. संमतीपत्राचा मराठी नमुना असल्यास जरूर टाका.