मेकॅनिकल सोडून भाषाशास्त्राकडे : अमेरिकेत ट्रान्सफर घेताना जुन्या क्रेडिटचे काय होते?

सर्वांना नमस्कार,

मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या ऑगस्टपासून अमेरिकेत भाषाशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवी पूर्ण करावी, अशी माझी इच्छा आहे. हा निर्णय घाईचा नाही. ‘माझा’मधला झ ‘माझी’ म्हणताना बदलतो, ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च वेगळे आहेत, हे लक्षात आल्यापासून माझ्या वर्कशॉपच्या जर्नलची मागची पाने अशाच शब्दांच्या याद्यांनी भरत गेली आहेत.

आधी बी.ई. पूर्ण कर आणि मग डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे एम.ए. कर, असे घरच्यांचे म्हणणे आहे. तो मार्ग मला कमी मोलाचा वाटत नाही. परंतु ज्या विषयात मन नाही त्यात आणखी दोन वर्षे काढण्यापेक्षा ती या विषयाचा पाया घालण्यात जावीत, असे मला मनापासून वाटते.

माझी खरी अडचण क्रेडिटची, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांबद्दल मिळणाऱ्या श्रेयांकांची आहे. अमेरिकेतली पदवी साधारणपणे 120 क्रेडिटची असते आणि त्यांतला मोठा वाटा विद्यापीठे स्वतःकडेच पूर्ण करायला लावतात. माझे गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सर्वसाधारण शिक्षणाच्या (मुख्य विषय कोणताही असला तरी घ्याव्या लागणाऱ्या विषयांच्या) अटींत बसेल असे दिसते, पण इंजिनिअरिंग ग्राफिक्स, वर्कशॉप आणि थर्मोडायनॅमिक्स भाषाशास्त्राच्या पदवीत कुठे धरणार? क्रेडिट मान्य होणे आणि ते पदवीच्या उपयोगी पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ते केवळ ऐच्छिक म्हणून कागदावर राहिले, तर दोन वर्षांचे शिक्षण तीन वर्षांवर जाईल, आणि बाबांनी कर्जाचा जो हिशेब मांडला आहे तो दोनच वर्षांचा आहे. प्रवेशापूर्वी हे विद्यापीठाकडून लेखी मिळते का?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखांना तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी 60 सेमिस्टर क्रेडिट लागतात, परंतु तिथल्या ट्रान्सफरच्या बहुतेक जागा त्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या (पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या स्थानिक कॉलेजांच्या) विद्यार्थ्यांना जातात. मग आधी तिथल्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन भाषाशास्त्राचे सुरुवातीचे विषय घेणे शहाणपणाचे ठरेल का? फी कमी पडेल, पण वर्षे वाढतील.

खाजगी विद्यापीठे बहुधा सध्याच्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र मागतात. मला जवळून ओळखणारे प्राध्यापक मशीन ड्रॉइंग शिकवतात. त्यांनी माझ्या चिकाटीबद्दल लिहिले तर चालेल, की विषयाशी संबंध नसल्याने पत्राचे वजन कमी होईल? आमच्या कार्यालयाने अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत देण्याचे दोन वेळा टाळले आहे. प्रत्येक विषयाचा तपशील विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घेतलेला चालतो का, हेही कृपया सांगावे.

विशेषतः भारतातून थेट शाखा बदलून गेलेल्यांनी आपले किती क्रेडिट पदवीत प्रत्यक्ष धरले गेले, एवढे लिहिले तरी मला घरी नेमके काय मांडायचे ते ठरवता येईल.