सोफी शोल, फ्रिट्झ हार्टनागेल आणि लोकरीच्या मोज्यांवरचं भांडण

सांजवात

मंडळी, एक शंका आहे. खरं तर शंका माझी नाही, सतरा वर्षांच्या लेकीची. मला उत्तर देता आलं नाही म्हणून धागा काढतेय.

'व्हाइट रोझ' या हिटलरविरोधी विद्यार्थी गटातली सोफी शोल बहुतेकांना माहीत असेल. म्युनिक विद्यापीठात हिटलरविरोधी पत्रकं वाटताना १८ फेब्रुवारी १९४३ रोजी भाऊ हान्ससोबत पकडली गेली, २२ तारखेला खटला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी गिलोटिन. वय २१. लेकीला हे शाळेपासून ठाऊक आहे. आता ती सोफी आणि तिचा मित्र फ्रिट्झ यांच्यातल्या पत्रांविषयी वाचतेय. फ्रिट्झ सोफीहून चार वर्षांनी मोठा आणि हिटलरच्याच सैन्यात अधिकारी. १९३७ मध्ये एका नाचाच्या कार्यक्रमात ओळख झाली तेव्हा ती सोळा वर्षांची.

गाडी अडली ती १९४१-४२च्या हिवाळ्यावर. रशियात जर्मन सैनिक गारठून मरत होते, सरकारने घरोघरी लोकरीचे कपडे मागितले. सोफीने साफ नकार दिला. फ्रिट्झ तिला समजावत होता की पोरांकडे धड मोजेही नाहीत. तिचं म्हणणं, जर्मन गारठले काय नि रशियन गारठले काय, दुःख तेवढंच. पण हे युद्ध आपण हरायलाच हवं, आणि मोजे दिले की ते लांबणार.

लेक म्हणाली, "आई, हे प्रेम आहे की वादविवाद स्पर्धा?" मी हसले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. आपला माणूस ज्या सैन्यात आहे त्याला मोजे नाकारणं हे धैर्य की कोरडेपणा? आणि दुसरं, लेकीला जास्त खुपलेलं: सोफी गेल्यावर फ्रिट्झने तिच्याच सख्ख्या बहिणीशी लग्न केलं. कसं काय?

खडूस

कोरडेपणाच. खंदकात बसलेला वीस वर्षांचा पोरगा म्हणजे हिटलर नव्हे. माझे वडील फौजेत होते, म्हणून जरा जास्तच टोचतंय, हे मान्य. पत्रकं वाटायला छाती लागते, त्याबद्दल सलाम. पण मोज्यांबद्दल नाही.

शब्दवेल्हाळ

खडूस, तुमचं टोचणं मलाही कळतं. मी जर्मन शिकवते आणि ही पत्रं मुळातून वाचली आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

मोज्यांचं भांडण एकाएकी उपटलेलं नाही. सप्टेंबर १९३९, युद्ध लागून आठवडाही झालेला नाही, आणि अठरा वर्षांची ही पोरगी लष्करात असलेल्या मित्राला लिहिते की माणसांनी माणसांचे जीव असे धोक्यात घालावेत हे माझ्या आकलनापलीकडचं आहे, आणि हे मायभूमीसाठी आहे असं मला सांगू नकोस. 'तुझी आठवण येते' लिहायच्या वयात हे! पुढच्या वर्षी सैनिकाच्या शपथेवरून त्याला धारेवर धरते. मधूनमधून नातं तोडायचाही प्रयत्न करते, मग पुन्हा पत्र येतंच. लेकीला सांगा, वादविवाद स्पर्धा होतीच. पण जिच्यात हरलेला निघून जात नाही अशी.

आणि फ्रिट्झ निव्वळ ऐकून घेणारा नव्हता. आधी तो हादरलाच, कारण त्याच्या डोळ्यांसमोर त्याची माणसं होती. पण नंतर त्यानेच सांगितलंय की तिच्या म्हणण्यापुढे अखेर त्याला मान तुकवावी लागली. १९४२च्या उन्हाळ्यात तो रशियातून लिहितो की ज्यूंच्या कत्तलीबद्दल आपला वरिष्ठ किती थंडपणे बोलत होता आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटतच नव्हतं. असं पत्र घरी पाठवणं हा काय खेळ होता का? त्याच वर्षी सोफीने त्याच्याकडे एक हजार मार्क मागितले, चांगल्या कामासाठी म्हणून. त्याने दिले.

म्हणून मला 'कोरडेपणा' पटत नाही. कोरड्या माणसाने मोजे देऊन टाकले असते आणि विषय संपवला असता. तिने न देण्याचं ओझं त्याच्यासमोर उभं राहून घेतलं.

पुढचं सांगताना मात्र मला दर वेळी थांबावं लागतं. जानेवारी १९४३ मध्ये फ्रिट्झला स्टालिनग्राडच्या वेढ्यातून विमानाने बाहेर काढलं. हातांना हिमदंश झालेला. सोफीला पकडलं तेव्हा तो लेंबर्गच्या (आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह) लष्करी रुग्णालयात होता. शिक्षेची बातमी तिच्या आईच्या पत्रातून कळली, आणि हा तशा हातांनी दयेची याचना करायला बर्लिनला निघाला. तोवर ती गेलेली होती.

पायपीट

शब्दवेल्हाळ, मस्त प्रतिसाद. थोडं अवांतर: म्युनिक विद्यापीठासमोरच्या चौकात जमिनीत स्मारक म्हणून पत्रकं बसवली आहेत, वाऱ्याने पडल्यासारखी इतस्ततः. मी आधी कचरा समजून ओलांडून गेलो, मग ओशाळून मागे आलो. वाकून बघितलं तर फरशीतच घट्ट रुतलेली. एक सायकलवाला न बघता वरून गेला. त्याचं रोजचंच.

लग्नाबद्दल मला काही कळत नाही. कोणीतरी लिहा.

शब्दवेल्हाळ

लिहिते. सोफी आणि हान्स गेल्यावर चारपाच दिवसांत आईवडील आणि इंगे, एलिझाबेथ या बहिणींना अटक झाली. गुन्हा काय, तर नातेवाईक. धाकटा भाऊ वेर्नर आघाडीवर होता, तो पुढे रशियात बेपत्ताच झाला. एलिझाबेथ आजारी पडली म्हणून इतरांच्या आधी सुटली. शोलांच्या दाराशी जाणं लोक टाळत होते आणि फ्रिट्झ मात्र लष्करी अधिकारी असून त्यांना पैसे पुरवत होता, मदत करत होता. त्याचं आणि एलिझाबेथचं, दोघांचं माणूस एकच गेलेलं. १९४५च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी लग्न केलं. पुढे तो श्टुटगार्टला न्यायाधीश झाला, आणि सैन्यात जायला नकार देणाऱ्या तरुणांना सल्ला द्यायचा.

खडूस

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मोज्यांबद्दलचं मत अजून बदललेलं नाही, पण मघाचं 'कोरडेपणाच'मधलं 'च' मागे घेतो.

सांजवात

सगळ्यांचे आभार. लेकीला मोबाइलवर धागा वाचून दाखवला. लग्नापर्यंत ती काही बोलली नाही. मग विचारलं, "त्या एक हजार मार्कांचं काय झालं, हे त्याला तेव्हा कळलं होतं का?" मी म्हटलं, विचारते. शब्दवेल्हाळ, आहात का?