वस्तुचित्रातली सावली डांबरासारखी दिसते, काय करू?

चौथा मजला
मुलगी आठवीत आहे, यंदा एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसतेय. संकल्पचित्र, भूमिती ठीक आहे. अडतंय ते वस्तुचित्रात. तांब्या, दोन वांगी, मागे पडदा अशी मांडणी करून दिली की आकार झकास काढते. सावली मात्र तांब्याच्या बुडाशी डांबर सांडल्यासारखी! घरात ट्यूबलाइट आणि शेजारी खिडकी, त्यामुळे ती कुठल्या बाजूला काढायची हेच तिला कळत नाही. (खरं सांगायचं तर मलाही.) पुस्तक, व्हिडिओ, क्लास, काहीही सुचवा.

कवडसा
पुस्तक नंतर घ्या. आधी ती ट्यूब बंद करा.
मी फिजिक्स शिकवतो, चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण तुमचा गोंधळ कुठून येतोय ते सांगू शकतो. ट्यूबखाली पांढऱ्या कागदावर पेन्सिल धरा. ट्यूबला समांतर धरली की सावली रेघेसारखी स्पष्ट. तीच काटकोनात फिरवा, सावली जवळजवळ विरघळून जाते. दिवा चार फूट लांबीचा आहे, म्हणून एकच वस्तू दोन तऱ्हेच्या सावल्या पाडते. शाळेत प्रच्छाया (मधली पूर्ण गडद सावली) आणि उपच्छाया (कडेची अर्धवट सावली) फक्त ग्रहणापुरती शिकवतात, पण ती तांब्याखालीही असते. वस्तू कागदाला टेकते तिथे सावली गडद आणि कड धारदार, लांब जाईल तशी कड पसरत जाते.
उन्हातही तेच. सूर्य आपल्याला साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे एक मीटर उंचावरच्या वस्तूची सावली खाली पडते तेव्हा तिची कड सुमारे 9 मिलिमीटर धूसर होते. कपडे वाळत घालायची दोरी 4 मिलिमीटर जाड असेल, तर अर्ध्या मीटरच्या आतच तिची प्रच्छाया संपते. पुढे नुसती पुसट रेघ.

ओला कुंचला
कवडसा, मस्त! आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी हे कधी सांगितलं नाही, नुसतं "टेकलेली जागा दाब" म्हणायचे. कारण आज कळलं.
ताई, बुटांचं रिकामं खोकं आडवं ठेवा, आत एक पांढरं अंडं, बाहेर एका बाजूला टॉर्च. अंड्याची अंधारी बाजू नीट बघायला सांगा. अगदी कडेला पुन्हा थोडा उजेड दिसेल, तो खोक्याच्या भिंतीवरून आणि तळावरून परत आलेला. आता आत काळं कापड अंथरा. तो उजेड गायब आणि अंडं एका बाजूने कापल्यासारखं दिसतं. मुलीच्या चित्रात हाच परतीचा उजेड नसतो, म्हणून सगळं डांबर होतं. हे तिने स्वतः बघितलं की दहा व्हिडिओंचं काम होईल. आणि आठवडाभर 6बी ही गडद पेन्सिल लपवून ठेवा, एचबीवरच काढू दे.

सावंतवाडीकर
आमच्या गावच्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. सावळाराम हळदणकर, जन्म 1882. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र त्यांचं. बरेच लोक ते रविवर्म्याचं समजतात आणि मला दर वेळी भांडावं लागतं. समोर उभी राहिलेली त्यांचीच मुलगी, गीता. ज्योतीपुढे धरलेल्या हाताची बोटं बघा, उजेड त्यांच्या फटींतून लालसर झिरपतो. आणि हे सगळं जलरंगात! पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद, एकदा झाकला की गेला. प्रिंट मिळाली तर भिंतीला लावा.

ओला कुंचला
+1. रंगात करणार असेल तर काळा रंग डब्यातून काढूनच टाका.

कवडसा
काढून कशाला? पण सावलीला रंग असतो हे खरं. संध्याकाळी खिडकीतून अजून उजेड येत असताना पिवळा बल्ब लावा आणि दोघांच्या मध्ये पेन्सिल उभी करा. दोन सावल्या पडतील. बल्बने पाडलेल्या सावलीत खिडकीचाच उजेड पोचतो, म्हणून ती निळसर दिसते. दुसरी नारिंगी.

चौथा मजला
सगळ्यांचे आभार. काल खोकं-टॉर्च झालं. काळं कापड टाकल्यावर लेक ओरडली, "आई, अंडं अर्धंच राहिलं!" मग तांब्या आणून ठेवला, तर त्याच्या अंधाऱ्या बाजूवर तिला वांग्याचा जांभळा पट्टा सापडला. तो पट्टा काढायला तासभर बसली. सावली अजून काळीच आहे, पण तांब्या आता टेबलावर टेकल्यासारखा वाटतो. परीक्षेच्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंना खिडक्या असतात म्हणे, तिथे काय करायचं?

ओला कुंचला
दोन सावल्या येतील. एकीवर दुसरी चढते तेवढाच भाग गडद, बाकी हलक्या ठेवायच्या. आणि पहिल्या पाच मिनिटांत कुठल्या खिडकीचा उजेड जास्त आहे ते ठरवायचं. ऊन सरकलं तरी मग बदलायचं नाही.

चौथा मजला
लिहून घेतलं. तूर्तास दोन अंडी फुटलीत.

सावंतवाडीकर
अहो, उकडून घ्यायची ना!