ड्रिल फाईल गर्बरशी जुळत नाही, स्लॉटही गायब. चूक नेमकी कुठे?

पीसीबी_नवखा

नमस्कार मंडळी. कायकॅड ८ या डिझाइन सॉफ्टवेअरमधला दोन लेअरचा सर्किट बोर्ड (पीसीबी) आहे, १०० बाय ६० मिमी, जाडी १.६. ओरिजिन डाव्या खालच्या कोपऱ्यात आहे. गर्बर (थरांचे नकाशे) आणि ड्रिल (होलांच्या जागा आणि मापं) फाईली पाठवल्यावर फॅबकडून, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडून, मेल आला. त्यांच्याकडे बरीचशी होलं डाव्या खालच्या कोपऱ्यात गोळा झालेली दिसतात. काही डाव्या कडेला, काही खालच्या कडेला चिकटली आहेत आणि मोजके व्हाया (थर जोडणारी बारीक होलं) तेवढे बरोबर पॅडवर (होलाभोवतीच्या तांब्यावर) आहेत. डीसी जॅकच्या पायांना लांबट स्लॉट हवे होते, तिथे गोल होलं आली. शिवाय ‘एम३ ची चार होलं प्लेटेड करायची का?’ असंही विचारलंय (एम३ म्हणजे ३ मिमी स्क्रू, प्लेटेड म्हणजे आतून तांबं चढवलेलं).

जॅकचा फूटप्रिंट (पार्टच्या पॅड-होलांचा आराखडा) मीच केलाय. पॅडला १.० मिमी गोल होल दिलं आणि स्लॉटचा आकार यूजर ड्रॉइंग्ज लेअरवर काढला. ड्रिल फाईल एकच आहे, प्लेटेड आणि नॉन-प्लेटेड एकत्र. काय काय बदलू?

तांबं_आणि_एफआरफोर

होलांचं आधी. हा शून्यांचा घोळ आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या लक्षणावरूनच तो ओळखू येतो. युनिट चुकलं असतं, म्हणजे इंच-मिमीची गल्लत, तर सगळा नकाशा २५.४ पटीने लहान-मोठा झाला असता. दशांशाआधी-नंतर किती अंक हे चुकलं असतं तर १० किंवा १०० पट. दोन्हीकडे आकार तोच राहतो, फक्त स्केल बदलतं. तुमच्याकडे आकारच मोडलाय, काही होलं जागेवर आणि काही नाहीत. असं फक्त शून्यं गाळण्याच्या पद्धतीवरून गैरसमज झाला की होतं.

उदाहरण घ्या. मेट्रिक, ३:३ फॉरमॅट, म्हणजे तीन अंक मिमीचे आणि तीन दशांशाचे. १२.५ मिमी पूर्ण लिहिलं तर ०१२५००. शेवटची शून्यं गाळली की फाईलमध्ये ०१२५ उरतं. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला वाटलं की गाळलेली शून्यं पुढची होती, तर तो ०१२५ म्हणजे ०.१२५ मिमी समजतो. १०० मिमीचं तर नुसतं १ उरतं, ते होतं ०.००१. पण १२.३४५ च्या शेवटी शून्यच नाही. ते ०१२३४५ असंच राहतं आणि कसंही वाचलं तरी बरोबर येतं. २.५४ च्या ग्रिडवरच्या जवळपास सगळ्या पार्टांच्या आकड्यांना शेवटी शून्य असतं, म्हणून ते पळाले. ग्रिडबाहेर ठेवलेले व्हाया वाचले. एक्स बिघडला आणि वाय वाचला, तर होल डाव्या कडेला चिकटतं. उलट झालं तर खालच्या.

गल्लत होते ती हेडरमधल्या दोन अक्षरांमुळे. एक्सेलॉनमध्ये (ड्रिल फाईलच्या फॉरमॅटमध्ये) एलझेड म्हणजे पुढची शून्यं ठेवली आहेत. गर्बरच्या फॉरमॅट ओळीतलं एल म्हणजे पुढची शून्यं गाळली आहेत. अक्षर एकच, अर्थ बरोब्बर उलटा. इम्पोर्ट करताना हाताने पर्याय निवडणारा माणूस इथे हमखास फसतो.

उपाय: फाईल → फॅब्रिकेशन आउटपुट्स → ड्रिल फाईल्स. फॉरमॅट एक्सेलॉन, युनिट मिलिमीटर, झिरोज फॉरमॅट डेसिमल. म्हणजे दशांशचिन्ह फाईलमध्येच येतं आणि कोणाला अंदाज करावा लागत नाही. ‘मिरर वाय ॲक्सिस’ आणि ‘मिनिमल हेडर’ दोन्हींवर टिक नको. ओरिजिन गर्बरच्या प्लॉट खिडकीत जो निवडलाय तोच इथेही. एकीकडे ॲब्सोल्यूट आणि दुसरीकडे ड्रिल/प्लेस ओरिजिन झालं तर सगळी होलं एकसारखी सरकतात. ती तुमची तक्रार नाही, पण पुढची तीच असते.

फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा. तिथे अर्थात रोमन अक्षरं असतात, इथे देवनागरीत लिहितो:

एम४८
एफएमएटी,२
मेट्रिक
टी१सी०.३००
टी२सी०.८००
%
जी९०
जी०५
टी१
एक्स१२.५वाय४०.०

एम४८ ला हेडर सुरू, % ला संपलं. टी१सी०.३००, म्हणजे एक नंबरचं टूल ०.३ मिमीचं. फाईलचा शेवट एम३० ने. एम३० नसेल तर फाईल अर्धवट लिहिली गेली आहे, पाठवू नका.

कॅमचं_टेबल

स्लॉट आणि प्लेटिंगचं मी सांगतो, फॅबच्या बाजूने.

यूजर ड्रॉइंग्जवर काढलेला स्लॉट कॅमवाल्याला (फॅबमध्ये फाईली यंत्रासाठी तयार करणाऱ्याला) दिसला तरी तो त्यावर काम करत नाही. त्याच्यासाठी ड्रिल फाईल हीच आज्ञा. पॅड प्रॉपर्टीजमध्ये होल शेप ओव्हल करा, साईज ३.० बाय १.०, पॅडचा आकारही ओव्हल, ४.० बाय २.०. म्हणजे चारी बाजूंनी ०.५ मिमी तांबं राहील. मग ड्रिलच्या खिडकीत ओव्हल होलांसाठी रूट मोड ठेवा. त्यात बिट जी००ने जागेवर जातो, एम१५ ला खाली उतरतो, जी०१ने सरकतो, एम१६ ला वर येतो. दुसरा पर्याय जी८५चा, त्यात एकाला एक लागून होलं पाडत स्लॉट बनतो. आपल्या फॅबला कोणता चालतो ते आधीच विचारून घ्या.

जी८५ची ओळ हाताने तपासणार असाल तर एक मोजा. ३.० लांबीच्या आणि १.० रुंदीच्या स्लॉटमध्ये दोन टोकांच्या केंद्रांमधलं अंतर २.० असतं, ३.० नाही:

एक्स१९.०वाय१०.०जी८५एक्स२१.०वाय१०.०

तिथे ३.० दिसलं तर स्लॉट ४.० चा होणार, आणि तुमच्या पॅडची दोन्ही टोकं साफ कापली जाणार. लांबी रुंदीच्या दुप्पट तरी ठेवा. आखूड स्लॉटमध्ये दुसऱ्या टोकाचं होल पहिल्यावर इतकं चढतं की बिट आधीच्या होलाकडे घसरतो आणि स्लॉट वाकडा येतो.

एम३ बद्दल: फॅबने विचारलं म्हणजे नशीब समजा, नाहीतर चारही प्लेटेड होऊन आली असती. एकत्र फाईलमध्ये कोणतं होल प्लेटेड नाही हे फक्त कॉमेंटच्या ओळींत असतं, आणि इम्पोर्ट करताना त्या ओळी गळू शकतात. दोन फाईल द्या, पीटीएच (प्लेटेड) आणि एनपीटीएच (नॉन-प्लेटेड) वेगळ्या. फूटप्रिंट निवडतानाही बघा. कायकॅडच्या लायब्ररीत ३.२ मिमी एम३ चं माउंटिंग होल साधं असतं आणि ‘पॅड’ जोडलेल्या नावाचंही असतं. दुसरं प्लेटेड असतं. नॉन-प्लेटेडभोवती तांबं ०.२५ मिमी तरी दूर ठेवा. ही होलं आम्ही प्लेटिंगनंतर वेगळी पाडतो किंवा ड्राय फिल्मने झाकतो, आणि झाकायला फिल्मला कडेची जागा लागते.

तांबं_आणि_एफआरफोर

त्यातच एक जोडतो. फाईलमधला आकडा तयार होलाचा समजला जातो, बिटचा नाही. होलाच्या भिंतीवर २० ते २५ मायक्रॉन तांबं चढतं, वर एचएएसएल (सोल्डरचा थर), म्हणून फॅब ०.१ ते ०.१५ मोठा बिट लावतं. तुम्ही स्वतःहून आणखी वाढवून दिलंत तर दोनदा वाढतं. ॲन्युलर रिंग (होलाभोवती उरणारं तांब्याचं कडं) मात्र बिटच्या आकड्यावरून मोजा: पॅड १.६, होल १.०, बिट १.१, म्हणजे रिंग ०.२५.

पीसीबी_नवखा

झिरोज खरंच ‘सप्रेस ट्रेलिंग’वर होतं. डेसिमल केलं, फाईल दोन केल्या, जॅकला ओव्हल होल दिलं. आता गर्बव्ह्यूमध्ये (कायकॅडच्या गर्बर बघायच्या प्रोग्राममध्ये) सगळी होलं पॅडच्या मध्यावर दिसतात. टूलची यादी अशी: ०.३००, ०.७६२, ०.८००, ०.८५०, १.०००, १.०१६, १.३००, आणि एनपीटीएचमध्ये ३.२००. इतकी टूलं चालतील?

कॅमचं_टेबल

चालतील, पण उगाच आहेत. ०.७६२ म्हणजे ३० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), १.०१६ म्हणजे ४० मिल, जुन्या इंची लायब्ररीतून आलेले दिसतात. ०.७६२ चं ०.८ करा, डीआयपी आयसीला आणि पाव वॉटच्या रेझिस्टरला तेच योग्य. १.०१६ चं १.० करा. हेडर कनेक्टरची पिन ०.६४ चौकोनी, तिचा कर्ण ०.९०५, आरामात जाते. ०.९ वर मात्र कधीच येऊ नका.

०.८५ कशाचं आहे?

पीसीबी_नवखा

१एन४००७ डायोड, चार नग, ब्रिज रेक्टिफायरसाठी.

कॅमचं_टेबल

मग ते बदलाच. डीओ-४१ ची (या डायोडच्या पॅकेजची) तार ०.८६ पर्यंत जाड येते. ०.८५ च्या होलात एखादा लॉट बसेल, पुढचा अडकेल आणि असेंब्लीवाला पक्कडीने ढकलून पॅड उचकटेल. १.१ करा, पॅड १.८ ते २.० ठेवा. बिट १.२ लागला तरी रिंग किमान ०.३ राहते.

बदल केल्यावर गर्बरही पुन्हा काढा, नुसती ड्रिल नाही. पॅड वाढलंय, आणि जुनं गर्बर व नवीन ड्रिल एकाच झिपमध्ये गेलं तर आम्हाला ते कळायला मार्ग नसतो. पाठवण्याआधी ड्रिल मॅपच्या पीडीएफमध्ये १.१ समोर ८ होलं आहेत ना, तेवढं मोजा. चार डायोडचे आठ पाय.