दान्तेच्या स्वर्गात सगळेच समाधानी आहेत, मग वरखाली पायऱ्या कशासाठी?

प्रश्न – निपाणीकर वाचक

नमस्कार. निपाणीतील आमच्या वाचकमंडळात इटालियन कवी दान्तेने स्वतःच्या परलोकयात्रेवर रचलेल्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या काव्याचे इंग्रजी अनुवादातून वाचन चालू आहे. नरक आणि शुद्धिलोक हे दोन भाग सर्वांनी आवडीने वाचले. स्वर्गाच्या भागात शिरल्यापासून मात्र उपस्थिती रोडावली आहे. दुसऱ्याच सर्गात चंद्रावरील डागांविषयी बिआत्रिचेचे, म्हणजे स्वर्गातील दान्तेच्या मार्गदर्शिकेचे, लांबलचक विवेचन येते आणि आमचे वाचन तिथेच अडले आहे. असे सर्ग वगळले तर चालेल का?

माझी खरी शंका वेगळी आहे. चंद्रापासून शनीपर्यंत सात गोल, त्यांवर स्थिर ताऱ्यांचा आठवा आणि सर्वांना गती देणारा नववा, अशी ही चढती रचना आहे. स्वर्गातही अशी प्रतवारी असेल, तर खालच्या गोलातील आत्म्यांना खंत कशी वाटत नाही? आणि पिकार्दा या जोगिणीला तर मठातून बळजबरीने ओढून नेऊन तिचे लग्न लावले गेले होते. तिच्या वाट्याला सर्वांत खालचा चंद्रगोल यावा, हा अन्याय नव्हे काय?

उत्तर – खानापूरची वाचक

आपल्या शंकेचे निम्मे उत्तर चौथ्या सर्गात आहे. तेथे बिआत्रिचे सांगते की सर्व पुण्यात्मे नऊही गोलांच्या पलीकडच्या परमस्वर्गातच राहतात; दान्तेला ते वेगवेगळ्या गोलांत दिसतात, कारण मानवी बुद्धीला इंद्रियांना जाणवेल अशा रूपातच भेद कळतो. म्हणजे पिकार्दाचे घर चंद्रावर नाही, ती तेथे केवळ भेटीसाठी आली आहे. भेद आहे तो आनंद सामावून घेण्याच्या क्षमतेचा.

आपण विचारलेला प्रश्न दान्ते स्वतः तिसऱ्या सर्गात तिलाच विचारतो. ती प्रथम हसते, मग सांगते की प्रेमाने आमची इच्छा शांत केली आहे. आम्ही याहून वरची जागा मागितली, तर आमची इच्छा ईश्वराच्या इच्छेशी विसंगत होईल, आणि त्याच्या इच्छेतच आमची शांती आहे.

अन्यायाचा मुद्दा मात्र मला इतक्या सहजपणे सुटलेला वाटत नाही. बिआत्रिचेच्या मते पिकार्दाची मूळ इच्छा कधीच ढळली नाही, परंतु मठात परतणे शक्य असतानाही ती परतली नाही, एवढे न्यून तिच्याकडे राहिले; आणि उदाहरणे दिली आहेत ती तापलेल्या जाळीवर न डगमगलेल्या संत लॉरेन्सची आणि स्वतःचा हात विस्तवात धरणाऱ्या रोमन वीर म्यूसियसची. ही कसोटी कठोर आहे. पण शुद्धिलोकाचा चोविसावा सर्ग पुन्हा उघडून पाहावा. तेथे तिचा भाऊ फोरेसे आपली बहीण स्वर्गात विजयी असल्याचे सांगतो आणि दुसरा भाऊ कोर्सो, ज्याने तिला मठातून बाहेर काढवले, तो नरकाच्या दरीकडे फरफटत नेला जाईल असे भाकीत करतो. एकाच घरातील तीन भावंडे तीन लोकांत वाटली गेली आहेत. हे लक्षात घेतले की ‘सर्वांत खालचा गोल’ तितकासा खालचा वाटत नाही.

चंद्राचे डाग खुशाल वगळावेत.

उत्तर – शहापूर, बेळगाव

वगळू नयेत, अशी एका निवृत्त विज्ञानशिक्षकाची विनंती आहे. बिआत्रिचे तेथे चक्क प्रयोग सुचवते: तीन आरसे घ्यावेत, दोन समान अंतरावर आणि तिसरा त्यांच्या मधोमध पण अधिक दूर ठेवावा, आपल्या पाठीमागे दिवा लावावा; दूरच्या आरशातील प्रतिमा लहान दिसेल, परंतु तिचे तेज तितकेच राहील. म्हणून चंद्राच्या विरळ भागांतून किरण आत खोलवर जाऊन परततात आणि त्यामुळे तेथे डाग दिसतात, ही दान्तेची समजूत टिकत नाही. तिचा स्वतःचा निष्कर्ष आज कोणी मानणार नाही, पण हा प्रयोग आपल्या बैठकीत करून पाहण्यास दहा मिनिटे पुरतील.

रोडावलेल्या उपस्थितीबद्दल वाईट वाटून घेऊ नये. त्याच सर्गाच्या आरंभी कवीनेच लहान होडीतून मागे येणाऱ्या वाचकांना किनाऱ्याकडे परत फिरण्यास सांगितले आहे.

उत्तर – अथणीहून

माझे मत असे की गोलांच्या क्रमाने न जाता आपण एकदम एकोणिसाव्या सर्गावर जावे, कारण तेथे प्रश्न आपल्याच बाजूचा आहे. गुरूच्या गोलात न्यायी राजांच्या आत्म्यांनी मिळून एका गरुडाची आकृती घडवली आहे आणि तो गरुड एकवचनात बोलतो. दान्तेच्या मनात फार दिवस असलेली शंका तोच बोलून दाखवतो: सिंधू नदीच्या काठी एक माणूस जन्मतो, तेथे ख्रिस्ताविषयी सांगणारा कोणी नाही, त्याचे आचरण निर्दोष आहे, तो बाप्तिस्म्यावाचून मरतो, त्याला दोषी ठरवणारा हा न्याय कुठला?

चौदाव्या शतकाच्या आरंभी एका इटालियन कवीला हा प्रश्न छळत होता, याचेच मला अधिक मोल वाटते. गरुडाचे उत्तर मात्र दटावणीचे आहे: वीतभर दृष्टी असलेल्या तू हजार मैलांवरचा निवाडा करणारा कोण? तरीही ‘ख्रिस्त, ख्रिस्त’ असा घोष करणारे अनेकजण अंतिम निवाड्याच्या दिवशी, त्याला न ओळखणाऱ्यांपेक्षाही त्याच्यापासून दूर असतील, असे तो लगेच बजावतो. विसाव्या सर्गात त्याच गरुडाच्या भुवईत रिफेउस दिसतो. हा ट्रोजन वीर ख्रिस्ताच्या कितीतरी शतके आधीचा. म्हणजे ख्रिस्ताशिवाय स्वर्ग नाही हा नियम सांगून झाल्यावर कवीनेच त्याला अपवाद केला आहे. सिंधूकाठच्या माणसाचे नाव मात्र त्या भुवईत नाही.

सतरावा सर्गही वगळू नये. मंगळाच्या गोलात दान्तेचा पूर्वज काच्चाग्विदा त्याच्या हद्दपारीचे भाकीत करतो: परक्याची भाकर किती खारट लागते आणि परक्याचे जिने चढणे-उतरणे किती अवघड असते, हे तुला कळेल. काव्यातील प्रवास 1300 सालचा आणि हद्दपारी 1302 ची, म्हणजे हे सारे भोगून झाल्यावर लिहिलेले भाकीत आहे. दान्तेच्या टस्कनी प्रांतात आजही पाव बिनमिठाचा भाजतात, त्यामुळे तो खारटपणा शब्दशःही घेता येतो.

निपाणीकर वाचक

सर्वांचा आभारी आहे. येत्या बैठकीस आरसे आणण्याचे काम दोघांनी पत्करले आहे. अथणीच्या सदस्यांनी शक्य असल्यास एकोणिसावा सर्ग स्वतः येऊन वाचून दाखवावा, कारण आमच्यापैकी काहींना गरुडाचे उत्तर मुळीच पटलेले नाही आणि त्यांना वाद घालायचा आहे.