सोरायटिक आर्थ्रायटिस: खर्च झेपणार नसेल तर बायोलॉजिकल सुरूच करू नये?

सातारकरीण
माझ्या धाकट्या दिरांना सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिससोबत येणारा सांधेदुखीचा आजार आहे. मेथोट्रेक्झेट या नेहमीच्या औषधाने भागेना म्हणून डॉक्टरांनी अडॅलिमुमॅब हे बायोलॉजिकल (जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध) सुरू केलं, दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन. भारतीय कंपनीचं घेऊनही महिन्याला 15-20 हजार जात होते. गुण आला, नाही म्हणत नाही. सकाळी टाच टेकवत नव्हती, ते चालत शेतावर जायला लागले. पण वर्ष व्हायच्या आत ठेव मोडली, जाऊबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या आणि इंजेक्शन बंद झालं. आता बोटं पुन्हा टरारून सुजलीत आणि कर्ज डोक्यावर आहेच.

माझं मत स्पष्ट आहे. निदान पाच वर्षं खर्च झेपणार नसेल तर हे औषध सुरूच करू नये. पहिल्या इंजेक्शनआधी डॉक्टरांनी वर्षाचा आकडा कागदावर लिहून द्यावा. "बघू, फरक पडला की कमी करू" एवढ्यावर सुरू करणं हा पेशंटवर अन्याय आहे.

निशिगंध
ताई, घरची ओढाताण समजते, पण मत अजिबात पटलं नाही. आकडा लिहून द्यावा हे शंभर टक्के मान्य. "सुरूच करू नये" हे मान्य नाही.

मला घरच्यांनी खर्चाच्या धास्तीने बराच काळ नुसत्या गोळ्यांवर ठेवलं. तेवढ्यात उजव्या तर्जनीचं टोकाचं पेर झिजून वाकडं झालं. आता इंजेक्शन चालू आहे, सूज नाही, ठणका नाही. पण शर्टाचं बटण लावताना ते बोट बाजूला उभंच राहतं, अंगठा आणि मधलं बोट मिळून काम करतात. ते पेर आता कुठल्याही औषधाने सरळ होणार नाही. आयर्लंडमधल्या 2015 च्या अभ्यासात तर तज्ज्ञाकडे पोचायला सहा महिने उशीर झालेल्यांतही हाडांची झीज जास्त दिसली.

किमतीचं म्हणाल, तर झायडस या भारतीय कंपनीने अडॅलिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध) 2014 च्या डिसेंबरात आपल्याकडे आणलं. अमेरिकेत तसं औषध दुकानात यायला 2023 उजाडलं. अशी स्पर्धा वाढली की दर उतरतात. तोवर सांधे शाबूत राहायला नकोत का?

सातारकरीण
तुमच्या बोटाचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण तुमचं औषध चालू राहिलं, आमचं मध्येच तुटलं. आधीचा सगळा पैसा पाण्यात गेला, हे माझं दुखणं आहे.

औषधवाला
पाण्यात गेला असं नाही म्हणता येणार. याच आजाराच्या इक्सेकिझुमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकल इंजेक्शनवर स्पिरिट-पी3 नावाची चाचणी झाली. आजार चांगला आटोक्यात आलेल्यांपैकी काहींचं औषध थांबवलं, काहींचं चालू ठेवलं. थांबवलेल्यांत सुमारे 85 टक्के लोकांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांत सुमारे 38 टक्के. मात्र ज्यांचा उलटला त्यांना औषध परत दिल्यावर बहुतेकांचा पुन्हा आटोक्यात आला.

अडॅलिमुमॅबचं थोडं वेगळं आहे. शरीर औषधाविरुद्धच अँटिबॉडी (त्याला निकामी करणारी प्रथिनं) तयार करू शकतं आणि मग गुण कमी होतो. म्हणून पैसे आले की टोचायचं, संपले की सोडायचं, हे टाळा. बराच काळ त्रास नसेल तर डॉक्टरांना विचारून दोन इंजेक्शनांतलं अंतर हळूहळू वाढवता येतं. युरोपातले तज्ज्ञही जपून तसं करायला हरकत घेत नाहीत.

विनायक_रा
याच आजारावरच्या टोफासिटिनिबच्या गोळ्यांचं कुणी बोलतच नाही! आपल्याकडे जेनेरिक मिळतात, इंजेक्शनच्या मानाने खर्च फारच कमी. गरिबाला आधी हेच द्यायला हवं.

निशिगंध
सरसकट नको. 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर हार्ट अटॅक, पक्षाघात, कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इशारा कडक केला. वय पन्नाशीपुढे, तंबाखू-सिगारेट, हृदयाचा त्रास, यांपैकी काही असेल तर स्वस्त म्हणून उचलू नये. तरुण आणि धडधाकट माणसाचं वेगळं. टीबीची तपासणी तर गोळी असो की इंजेक्शन, आधी हवीच. आपल्याकडे टीबी अनेकांच्या अंगात झोपलेला असतो आणि ही औषधं त्याला जागं करू शकतात.

सातारकरीण
तपासणी झाली होती. गोळ्यांचा पर्याय मात्र कुणी काढला नाही, तो विचारते. दिरांचं वय चाळिशीच्या आत आहे, पण तंबाखू आहे. विम्याकडून काही मिळेल का? घरी टोचलं म्हणून त्यांनी बिल परत पाठवलं.

औषधवाला
आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, 2019 मध्ये नव्या उपचारांची जी यादी विमा कंपन्यांना घालून दिली, तिच्यात मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं आहेत, अडॅलिमुमॅब त्याच प्रकारचं. पण दवाखान्यात भरती होऊन किंवा डे-केअरमध्ये (त्याच दिवशी घरी सोडतात तसं) घेतली तरच, शिवाय बऱ्याच पॉलिसींत रकमेवर मर्यादा असते. पुढचं बिल करण्याआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

सातारकरीण
विचारते. पण बघा, हे सगळं मला इथे येऊन कळलं. पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी हे सांगणारं कुणीतरी त्या दवाखान्यात बसलेलं हवं होतं. आकडा कागदावर हवा, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही.